उजवीकडची खिडकी

माणसानं कुठे जावं हे देव ठरवतो, पण कुठल्या बाजूला बसावं हे आमचे मावसाजी ठरवत. हा अधिकार त्यांना कोणी दिला नव्हता आणि काढून घ्यायची कोणाची छातीही नव्हती. इचोड्याला सकाळच्या हैदराबाद बसमध्ये चढले की डाव्या खिडकीशी बसलेल्या अनोळखी माणसाला ते उठवत. "काऊन तिकडं बसले जी? निर्मल येईपर्यंत भाजल्या वांग्यावानी होसान!" लग्नात बोट ओलं करून वारा पाहत आणि चुलीचा धूर चुकवण्यासाठी अख्खी पंगत हलवत. एकदा त्या हलवाहलवीत नवरदेवाची आईच पानावाचून राहिली आणि रुसली. मावसाजी म्हणाले, "रुसली त रुसू दे, डोये त नाई चुरचुरले ना तिचे?"

पण त्यांचा खरा विषय विमान. मावला या आपल्या गावी, घरच्या अंगणात बाजेवर पडून ते आभाळ पाहत. कोणाचा पोरगा हैदराबादहून दिल्लीला उडणार असला की त्याला यांच्यापुढे हजेरी लावावी लागे. "विमान आपल्या मावळतीकून जाते, तोंड दिल्लीकडं. मंजे आपन त्याच्या उजव्या हाताले. जातानी उजवीकडची खिडकी घे, येतानी डावीकडची. गाव पाहून घेजो." पोरं बिचारी परत येऊन "दिसलं जी" म्हणत. मावशी कपाळावर हात मारी. "सोता कदी बसले नाई अन् लोकाईले खिडक्या वाटून राह्यले!" त्यावर मावसाजींचं उत्तर ठरलेलं. "बसीन ना. तू हिरवं लुगडं नेसून गच्चीवर उबी राहा, वरतून पाहीन तुले."

मावशी गेली आणि त्यांच्या दिल्लीच्या मुलानं, म्हणजे माझ्या मावसभावानं, घर विकून बापाला घेऊन जायचं ठरवलं. जन्मभर सगळ्यांना बाजू सांगणाऱ्या माणसाला या वेळी कोणी काही विचारलं नाही. हल्ली बापाला सामानासोबत धरतात. मावसाजी भांडले नाहीत. उजवीकडची खिडकी तेवढी मागितली. मुलानं ती दिली आणि अख्खं विमान विकत घेतल्यासारखं गावभर सांगितलं.

निघताना मावसाजींनी मावशीचं हिरवं लुगडं माझ्या हातात ठेवलं. "गच्चीवर पसरून ठेवजो. घर ओयखू आलं पायजे." एवढ्या उंचावरून लुगडं काय, गच्चीसुद्धा दिसत नाही, हे मला कळत होतं. तरी पसरलं. चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, विमान जाईपर्यंत उन्हात उभा राहिलो आणि वेड्यासारखा हातही हलवला.

संध्याकाळी त्यांना फोन केला. "दिसलं का, मावसाजी?"

ते म्हणाले, "खिडकी उजवीकडचीच होती रे. पन नेमकी पंखावर. खाली पाहावं त सारा पंखच. इतके वर्षं खालून पाह्यलं, पंख आड येते हे काई ध्यानातच नाई आलं. पंखाच्या कडंनं हिरवं काई निघते काय, पाह्यतच बसलो." मग एकदम जुन्या हुकमी आवाजात, "लुगडं घडी करून ठेव. येतानी डावीकडची घेतो. पंखाच्या पुढची."

ते आले नाहीत. मी मावसभावाला म्हटलं, एकदा आणून सोड त्यांना. तो म्हणाला, "आता तिथे कोणाकडे जायचं?" नव्या मालकानं घर केव्हाच पाडलं होतं, म्हणजे प्रश्न बरोबर होता. त्याचाच मला जास्त राग आला. मावसाजी दिल्लीतच गेले. तिथल्या खोलीत त्यांची खाट खिडकीपासून लांब होती, हे मला नंतर कळलं.

लुगडं माझ्या कपाटात आहे. आता उडणारी पोरं मला विचारायला येतात. मी सांगतो, जाताना उजवीकडची, पंखाच्या पुढची. येताना डावीकडची. येतानाची बाजू मात्र मी दोनदा सांगतो.