शिवदासाचं अर्धं गाऱ्हाणं

शिवदासाने घसा खाकरला की गोव्यात पेडण्याकडच्या त्याच्या गावात आजही माणसं बोलायची थांबतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पण आवाज जुनाच: आधी खालून खरखरत येणारा, मग नाकातून वर चढणारा. "बा देवा म्हाराजाऽऽ!" आणि सगळा गाव एका तोंडाने, "व्हय म्हाराजा!"

गावाच्या वतीने देवापुढे उभं राहून मोठ्याने मागणं मागायचं, म्हणजे गाऱ्हाणं घालायचं, हे त्याच्या घराण्याचं काम. बापाने ते सोपवताना बजावलं होतं, "मनात एक नि तोंडात एक असा देवापुढे चलाचा नाय हां." शिवदास कोवळा होता. त्याने ते गाठीला बांधलं आणि दोनच पावसाळ्यांत अडचणीत आला.

पोर्तुगीज जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि गोव्यातली पहिली निवडणूक आली होती. शिवदासाचं घर भाटकाराच्या जमिनीत. भाटकार ऊठ म्हणाला की चूलभांडी उचलायची, अशी तेव्हाची गत. भाटकाराचा मुकादम सखाराम घरोघर फिरत होता. त्याच्या प्रत्येक वाक्याला एकच शेपूट.

"भाटकारांच्या माणसाकच मत घालूचा. समजलां मरे? नायतर खोप दुसरीकडे बांध. समजलां मरे?"

शिवदासाला समजलं होतं. पण दुसऱ्या उमेदवाराने देवळापुढच्या मोकळ्या मांडावरच्या सभेत सांगितलं होतं की राहतं घर राहणाऱ्याचं व्हायला हवं. ते वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना.

"त्येंका काय कळता?" बायको सुशीला म्हणाली. "आत तुम्ही एकटेच. कुणाक घातलात ता तुम्ही सांगल्याशिवाय कळात कसा?"

ते शिवदासाला पटलं.

मतदान शाळेत होतं. बाहेरगावचा अधिकारी घसा सुकेपर्यंत सांगत होता, "आडोशाला शिक्का मारायचा, घडी घालायची, पेटीत टाकायची. पुढचा!" शिवदासाने आडोशाला जाऊन मनातल्या चिन्हावर शिक्का मारला. इथवर सगळं ठीक झालं. मग तो पेटीपुढे आला.

पेटी उंच टेबलावर. मागे भिंत, पुढे मोकळी जागा, दारात रांगेने उभा असलेला सगळा गाव. अशा देवळासारख्या जागी शिवदास दुसरं काही करूच शकत नव्हता. त्याने वहाणा काढल्या, हात जोडले आणि घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!" रांग म्हणाली. अधिकाऱ्याच्या हातातला टाक पडला.

"आज हो गाव पयल्याच खेपेक तुझ्या दारात इलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तर आज मी जो हो कागद घालतंय, तो..."

आणि शिवदास थांबला. पुढे नाव यायचं होतं. दारातून सखारामाची मान आत आली होती. खरं बोलावं तर घर गेलं, खोटं बोलावं तर आजवर घातलेली सगळी गाऱ्हाणी खोटी. रांगेतली माणसं "व्हय" म्हणायला तोंडं उघडून उभी. शिवदासाने ओठ मिटले आणि कागद पेटीत सोडला.

"पुढे काय रे?" एक म्हातारा ओरडला.

"पुढे काही नाही! पुढचा!" अधिकारी त्याहून मोठ्याने ओरडला.

तिन्हीसांजेला भाटकाराचं बोलावणं आलं. सुशीलाही मागोमाग गेली. भाटकार आरामखुर्चीत होता. एकेक शब्द तिजोरीतून काढावा तसा तो बोलायचा.

"शिवदासाऽ... गाऱ्हाणं... अर्धंच... घातलंस म्हणे. इथे... पूर्ण कर."

सुशीलाने मागून चिमटा काढला. "त्येंचा नाव घ्या नि मोकळे व्हा," ती पुटपुटली.

 शिवदासाने तोंड उघडलं तेव्हा आवाज गाऱ्हाण्याचाच निघाला.

"भाटकारानू, तुमी देवळाचे महाजन, देवळाचो कारभार तुमच्याच हातात. तुमका मी काय सांगतलंय? गाऱ्हाणा ज्या जाग्यार सुरू केला, थंयच पुरा करूचा लागता. जागो बदललो तर देव आयकना नाय. आणि ती पेटी तर मोटारीत बसान गेली."

भाटकाराने सखारामाकडे पाहिलं. सखाराम घाईघाईने म्हणाला, "व्हय, व्हय. रीतच तशी आसा." ही रीत त्यानेही तेव्हाच पहिल्यांदा ऐकली होती, पण देवळाच्या बाबतीत आपल्याला माहीत नाही असं कबूल कोण करणार? आणि महाजन तरी कसं करणार?

"ठीक... जा," भाटकार म्हणाला.

वाटेत सुशीलाने विचारलं, "अशी रीत कधीपासून?"

शिवदासाने चालण्याचा वेग वाढवला. मत कुणाला घातलं तेही त्याने तिला कधी सांगितलं नाही. भाटकाराने पुन्हा विषय काढला नाही आणि घर राहिलं. दोघं त्याच घरात म्हातारी झाली.

रीत मात्र सखारामाच्या तोंडून पसरली आणि गावाने धरली. परवा जत्रेत गाऱ्हाणं रंगात असताना कुणीतरी मधमाश्यांचं पोळं उठवलं आणि सगळे पळाले. माश्या शांत झाल्यावर माणसं परत त्याच जागी, त्याच ओळीत येऊन उभी राहिली, कारण दुसरीकडे पुरं केलेलं देव ऐकत नाही. शिवदास त्यांच्यापुढे हात जोडून उभा होता. ही रीत आपणच रचली हे खरं सांगून टाकावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण समोर देव होता आणि मागे गाव वाट बघत होता. त्याने घसा खाकरला आणि गाऱ्हाणं तुटलं होतं तिथूनच पुढे उचललं.