गेरूने लिहिलेला एकशे सात

हे लिहायचं मी चार वर्षं टाळलं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. सारी नोकरी सरकारी मोजणीत गेली... टेप, नकाशा आणि रजिस्टर यापलीकडचं काही खरं मानायची सवयच नाही. पण आता अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली, आणि यात एक चूक माझी आहे.

नागपूरजवळच्या कोराडीच्या पुढे स्कूटरने पाऊण तासावर एक बाजाराचं गाव होतं. नाव लिहीत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी कोळशाच्या खाणीसाठी ते उठवायचं ठरलं, तेव्हा घरं मोजायचं काम माझ्याकडे होतं. मोजलेल्या घराच्या दारावर गेरूने नंबर टाकायचा. ज्याच्या दारावर नंबर, त्याला नव्या वसाहतीत प्लॉट.

शेवटच्या दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "अनसूयाबाई मोहफुलं वेचायले गेली जी. तासाभरात येईनच."

ऊन चढलं होतं, पाटलाकडे पानं वाढलेली होती. "येतो पुन्हा," म्हणालो आणि रजिस्टरमध्ये लिहिलं – 'घर बंद, वास्तव्य नाही.' पुन्हा गेलो नाही. पुढे बाईचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. चूक कबूल केली तर सर्व्हिस बुकात लाल शेरा आला असता. मी लिहिलं – 'मोजणी बरोबर.'

चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये कोराडीला एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गेलो होतो. दुपारी जेवण आटोपलं. स्कूटर सक्करदऱ्याला, घराकडे वळवायची, ती उलटी वळवली. का, ते मलाही सांगता येत नाही.

खाण सुरूच झाली नव्हती, गाव मात्र रिकामं. लोकांनी चौकटीसुद्धा काढून नेलेल्या. शेवटच्या घराला तेवढं दार होतं. सारवलेलं अंगण, तट्ट्यावर वाळत घातलेली मोहफुलं, आणि लुगड्यातली एक ठेंगणी म्हातारी.

"काहून गा, रस्ता चुकला का?"

"नाही, असाच आलो."

"असंच कोनी येत नाही इकडं. बस. जेवला का?"

"जेवलो."

"कोनाकडं? पोट तं पाठीले लागलं तुयं."

तिने कोरा चहा दिला, मूठभर भाजलेली मोहफुलं दिली. मी विचारलं, "बाई, एकट्याच राहता?"

"एकटी काहून? पुरं गाव माह्यंच हाय आता. सकाळी पाटलाच्या ओट्यावर बसतो, संध्याकाळी सरपंचाच्या. पह्यले उभं करत नव्हते मले." खूप हसली. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "तू नंबरवाला साहेब न?"

मी कप खाली ठेवला.

"लय ऊन होतं त्या दिवशी," तीच म्हणाली. "आता आला तं टाकून दे."

तिने करवंटीत गेरू कालवून आणला. त्या गावातला माझा शेवटचा नंबर एकशे सहा होता, विसरलो नव्हतो. मी बोटाने १०७ लिहिलं. माझ्या सातची शेपटी लांब येते. तिने लांबूनच बघितलं. "आता बरं दिसते."

माफी मागायची होती... तोंडून निघालं, "येतो पुन्हा."

"तवाबी असंच म्हनला होता," ती हसत म्हणाली.

आठ दिवसांनी वसाहतीत गेलो – निदान आता तिच्यासाठी एखादा अर्ज लिहावा म्हणून. ती शेजारीण भेटली. तिने मला ओळखलं नाही.

"अनसूयाबाई? माह्याच घरी हाय जी. तिले कुठं प्लॉट भेटला? पाच वर्षं झाले, खाटेवरून उठली नाही."

आतल्या खोलीत खाटेवर तीच बाई होती. डोळे मिटलेले, हात काटकुळे. ओठ मात्र हलत होते.

"आठ दिवस झाले, एकच म्हनून राहिली," शेजारीण म्हणाली. "'साहेबानं नंबर टाकला.' कोन साहेब, कोनता नंबर... आमाले काही समजत नाही."

मी सांगू शकत होतो. पण शेजारणीसमोर जीभ उचलली नाही.

परतताना त्या गावात थांबलो. अनसूयाबाईच्या घराचं छप्पर केव्हाच खचलेलं, अंगणात बेशरमाची कमरेएवढी झुडपं वाढलेली. दारावर गेरूने १०७. सातची शेपटी लांब.

याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. दोन महिन्यांनी बाई गेली. तिच्या खाटेशी उभा असताना एवढंच म्हणायचं होतं – बाई, त्या दिवशी मी तासभर थांबायला हवं होतं.