जावयाची टाकी

माझी गाडी आजवर दोनदाच बंद पडली. दोन्ही वेळा नरसी फाट्यावर आणि दोन्ही वेळा टाकी काठोकाठ भरलेली असताना.

यात गाडीचा काडीचाही दोष नाही. हे मी कधी कुणाला वेळेवर सांगितलं नाही, कारण मी मुळातच कमी बोलतो. (कमी बोलणाऱ्याला लोक विचारी समजतात. बहुतेक वेळा तो काहीतरी लपवत असतो, एवढंच!)

मी मूळचा मुरुडचा, नोकरी लातूरला. वाहन विम्याच्या एका कचेरीत दावे तपासतो. तपासतो म्हणजे नाकारतो. 'इंजिनात बदल केला, आरटीओची आधी परवानगी घेतली नाही, आरसीवर नोंद नाही, आम्हाला कळवलं नाही. सबब दावा अमान्य' हे वाक्य मी झोपेतही शुद्ध मराठीत म्हणू शकतो. बायको म्हणते, म्हणतोही.

गाडी सासऱ्यांनी दिलेली. त्यांना मी मामा म्हणतो. मामा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळा जन्म बिलोलीच्या स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेला, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी शेजारचा माणूस पिशवी घेऊन उठतो. स्वतःची पेट्रोलची गाडी त्यांनी लेकराच्या मायेनं सांभाळली आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर माझ्या नावावर करून दिली. अट एकच.

"जावईबापू, गाडीत कायबी बदल करायचा न्हाई. हाय तशी वापरा."

"हाव मामा," मी म्हणालो. (मी कमी बोलतो.)

सासुरवाडीची एक रीत आहे. निघताना सासूबाई लेकीची ओटी भरतात आणि मामा जावयाची टाकी. ओटी देवघरासमोर, टाकी नागनाथअप्पांच्या पंपावर. अप्पा मामांचे पहिलीपासूनचे वर्गमित्र. "रिकाम्या टाकीनं जावई गेला तर बिलोलीचं नाक कापलं जाईल," असं मामा म्हणायचे आणि अप्पा स्वतः पाइप हातात घेऊन बिलोलीचं नाक वाचवायचे.

पण बिलोलीची टाकी लातूरला जाईपर्यंत निम्मी व्हायची. पुढं दर आठवड्याला कामाची नांदेडची फेरी माझ्याच खिशातून. पेट्रोलचा आकडा बघून मला घाम फुटायचा. शेवटी मी सलीम उस्तादांच्या गॅरेजवर गेलो.

"उस्ताद, हिला डिझेलचं इंजिन बसवायचं."

उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला. "बसवतो की. पन साब, पहले आरटीओ की परवानगी लाव. भेटत न्हाई सहसा, पन इचारा तरी. मग आरसीवर नवा इंजन नंबर, डिझेलची नोंद. मग विमेवाल्याला कळवा."

"विमेवाला मीच आहे."

"तो फिर तुमको ज्यादा डरना चाहिए!" उस्ताद म्हणाले. "आन डिझेलचं इंजन वजनदार असते. म्होरल्या स्प्रिंगा बदला, गिअरबॉक्स बदला, ब्रेक बघा. तुम्ही बकरीत म्हशीचं काळीज बसवायलाव, साब."

मी सांगितलं, कागदाचं माझ्यावर सोडा, स्प्रिंगांचं पुढच्या महिन्यात बघू. दोन्ही गोष्टी आम्ही तशाच सोडल्या.

पहिल्या सकाळी मी गाडी सुरू केली तेव्हा समोरचे देशपांडेकाका दळणाचा डबा घेऊन बाहेर आले. त्यांना वाटलं, गल्लीत गिरणी निघाली! गाडीचं नाक जडपणानं खाली गेलं होतं, त्यामुळे ती कायम कुणाच्या तरी पाया पडल्यासारखी दिसे. पीयूसीला जावं तर पंचाईत. आरसी पेट्रोलची, धूर डिझेलचा! टाकीच्या झाकणाच्या आत 'फक्त पेट्रोल' असा लाल स्टिकर होता. तो मी मुद्दाम काढला नाही. आरटीओनं झाकण उघडलंच तर निदान स्टिकर तरी कायदेशीर असावा!

"अहो, गाडी ट्रॅक्टरसारखी का वाजायली?" सुनंदानं विचारलं.

"सर्व्हिसिंग केलंय."

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. वीस वर्षांच्या संसारात मी कधी कुठल्या प्रश्नाचं इतक्या लगेच उत्तर दिलं नव्हतं. तिला सगळं कळलं.

त्याच दुपारी कचेरीत कंधारकडचा एक शेतकरी आला. जीपचं इंजिन बदललं होतं. "कळवलं होतं का?" मी विचारलं. "न्हाई जी." "मग?" मी शिक्का मारला. खिडकीतून खाली माझी गाडी दिसत होती, नाक खाली घालून. तिला तरी लाज होती.

खरा प्रश्न बिलोलीचा. तिथं रीत चुकत नसते. मग मी युक्ती काढली. नरसी फाट्यावरच टाकी डिझेलनं गच्च भरायची आणि मग बिलोलीत शिरायचं. अप्पांनी पाइप लावला की दोन थेंबांत बंद.

"अप्पा, बघ बघ!" मामा स्टँडच्या आवाजात ओरडायचे. "लातूरहून आलाय गडी, टाकीत थेंब मावत न्हाई! गाडी काय हवेवर चालायली का? ह्याला म्हणत्यात चालवणं!"

आठ महिन्यांत माझ्या अॅव्हरेजची कीर्ती देगलूरपर्यंत गेली.

"आवाज तेवढा बदललाय," मामा एकदा म्हणाले.

"वय झालं, मामा. खोकते."

"मलाबी सकाळच्याला व्हतंय," मामा कळवळून म्हणाले आणि त्यांनी बोनेटवरून हात फिरवला. मला गाडीखाली जाऊन झोपावंसं वाटलं.

आणि मग बालाजीचं लग्न निघालं. बालाजी माझा मेहुणा, मामांचं शेंडेफळ. कार्यालय नायगावला. मामांची इच्छा अशी की नवरदेव त्यांच्याच जुन्या गाडीतून जावा आणि गाडी थोरल्या जावयानं हाकावी. दोन दिवस पाहुणे, मंडप, केळीचे खांब आणण्यात गाडी फिरली आणि टाकी तळाला गेली. सकाळी झेंडूच्या माळा घालून, बालाजीला मुंडावळ्यांसकट मागं बसवून निघालो, तोच शेजारी बसलेल्या मामांनी हात वर केला.

"थांबा! टाकी."

"मामा, मुहूर्त..."

"मुहूर्ताला लई वेळ हाय. लेकराच्या लग्नात टाकी रिकामी?"

अप्पा फेटा बांधून पाइप घेऊन उभेच होते. माझी गाडी शेजारी टर्रटर्र करत होती. अप्पा क्षणभर थबकले. "गड्या, ही डिझेलची हाय का पेट्रोलची?"

"कायबी इचारतूस का?" मामा गरजले. "झाकणावर लिव्हलंय, वाच की!"

अप्पांनी वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. मामांनी बघितलं. आरशातून बालाजीनं बघितलं. मला बोलायला अख्खा एक क्षण मिळाला होता. एक शब्द पुरला असता. माझं तोंड उघडलंसुद्धा.

"पावती नको," मी म्हणालो.

टाकी फुल्ल झाली.

नरसी फाट्यापर्यंत गाडीनं आपल्या परीनं खानदानाची अब्रू राखली. मग आत कुणीतरी घण घालायला लागलं, पांढरा धूर निघाला, आणि फाट्याच्या ऐन मधोमध ती थांबली. समोर सावलीला जीप उभी होती. आरटीओच्या पथकाची!

आजवर मला दंड करणाऱ्या साहेबाची भीती वाटायची. त्या दिवशी कळलं, मदत करणारा साहेब त्याहून भयंकर असतो.

"अरे, नवरदेवाची गाडी!" साहेब धावतच आले. "कागदं राहू द्या हो, लग्नाचं घर हाय. बोनेट उघडा, मी बघतो. मला इंजिनातलं कळतंय."

मी बोनेटवर जाऊन बसलो.

मे महिना, सकाळचे साडेदहा, नवा सफारी आणि खाली तापलेला पत्रा!

"जावईबापू, काय करायलाव? उतरा की!"

"फोटो," मी म्हणालो.

"आत्ता?"

"आठवण राहते."

(राहिली. आठ दिवस मी कचेरीत उभ्यानं काम केलं.)

साहेबांनी मग टाकीचं झाकण उघडलं, लाल स्टिकर वाचला, आत वास घेतला. "पेट्रोलच तर हाय. कुठं भरलं?"

"अप्पाच्या पंपावर. आत्ताच. मी भरलं," मामा म्हणाले.

"मग भेसळ असणार. दुसरं काय!"

मी बोनेटवर होतो. खाली उतरून एक वाक्य बोललो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी मांडी बदलली.

साहेबांना दया आली. त्यांनी बालाजीला आपल्या जीपमध्ये बसवलं, वरचा दिवा लावला आणि नायगावला कार्यालयाच्या दारात उतरवलं. वाजंत्री थांबली. नवरीचे मामा हात जोडून धावत आले, "साहेब, पोरानं काय केलं हो? आम्ही चौकशी केली व्हती!" त्यांची समजूत पटेपर्यंत मुहूर्त टळला. अक्षता पडल्या, पण भर उन्हात, घड्याळाकडं न बघता.

लग्न पार पडलं. मामा मात्र गप्प झाले. ज्यांच्या हाकेवर एसटी सुटायची तो माणूस हळू आवाजात बोलायला लागला. "माझ्या हातानं भरलं मी. पोराच्या लग्नात माझ्याच हातानं माती कालवली." अप्पांशी बोलणं तुटलं. साठ वर्षांची दोस्ती. अप्पा शपथा घेऊन सांगत होते, भेसळ नाही. मामांनी त्यांच्या नातीच्या बारशालाही जायचं टाळलं. आणि रीत थांबली. ओटी भरली जायची. मामा टाकीकडं बघायचे आणि घरात निघून जायचे.

मी गाडी ओढून लातूरला आणली आणि पहिलं काम काय केलं, तर उस्तादांकडं गेलो. त्यांनी कोपऱ्यातलं पोतं ओढलं. खाली माझं जुनं पेट्रोल इंजिन, तेल लावून ठेवलेलं.

"मालूम था, साब येणार."

जुनं इंजिन, जुना नंबर, आरसीशी तंतोतंत. गाडी पुन्हा कायदेशीर झाली, नाक वर आलं. माझं नाही आलं. दोन वर्षं मी बिलोलीला जायचो, जेवायचो आणि मामांचा हळू आवाज ऐकायचो.

शेवटी परवाच्या खेपेला सुनंदा म्हणाली, "तुम्ही सांगताव का मी सांगू?"

मी ओसरीवर मामांसमोर बसलो. "मामा, त्या दिवशी गाडी डिझेलची होती. मी इंजिन बदललं होतं. अप्पांचं पेट्रोल चांगलं होतं."

मामांनी सुपारी कातरता कातरता अडकित्ता खाली ठेवला.

"पंपावर तुम्ही गाडीतच व्हताव."

"हो."

"आन काय म्हणलाव?"

"पावती नको म्हणालो."

मामा उठले, चप्पल घातली आणि निघून गेले. माझं उरलेलं वाक्य तोंडातच राहिलं. तासाभरानं अप्पांच्या ओट्यावरून हसणं ऐकू आलं. दोन म्हाताऱ्यांचं. त्यातलं एक स्टँडवरच्या आवाजातलं! सुनंदा रडली. मीही थोडा रडलो, म्हणजे माझ्या मानानं पुष्कळच.

दुसऱ्या दिवशी निघताना ओटी झाली आणि मामा दोन वर्षांनी गाडीत येऊन बसले. "चला. टाकी."

पंपावर अप्पा पाइप घेऊन उभे होते. डिझेलचा.

"झाकणावरचं वाचू नको रे अप्पा," मामा अख्ख्या बिलोलीला ऐकू जाईल असं म्हणाले. "त्यानंच घात केला. औंदा डिझेल, फुल्ल! जावयानं समदं खरं सांगितलंय."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. डोळे भरून आले होते त्यांचे. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मागून सुनंदानं मला जोरात चिमटा काढला. बोलायला अख्खा एक क्षण होता.

"पावती नको," मी म्हणालो.