सावलीतली लड

सोलापूरच्या आमच्या शाळेत शेजारच्या वर्गाचे मास्तर कुठल्याच प्रश्नाचं उत्तर देत नसत. मान खाजवून म्हणायचे, "मला तरी कुटं ठाऊक हाय? बघू की." मी शिकवायचो त्या वर्गाचे पाढे तोंडपाठ, तरी पोरांचे कान त्यांच्याकडेच.

लुगडं का विटतं, असं एका विणकराच्या पोरीनं विचारलं. मास्तरांनी लाल सुताची एक लड अंगणात उन्हात टांगली, दुसरी वर्गात सावलीत. मला बघवेना. दिवाळीच्या सुट्टीभर मी वर्गातली लडही उन्हात टांगली आणि शेवटच्या दिवशी जागेवर ठेवली.

शाळा उघडली. दोन्ही लडी विटलेल्या. मास्तरांनी मान खाजवली. "हे कसं झालं, शोधा की."

दुपारी ती पोरगी माझ्या दारात उभी राहिली.

"गुरुजी, सुट्टीत वर्गाची किल्ली कुणाकडं हुती?"