दोन पंचांगांचा जावई

आमच्याकडं अधिक महिन्याला धोंडा महिना म्हणतात. जावयाला बोलवायचं, पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, अन् पुरण भरून वाफवलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे. ज्या लेकीच्या नवऱ्याला हे बोलावणं जात न्हाई, ती लेक माहेराला परकी. तोंडानं कुणी बोलत न्हाई, पण गल्लीला बराबर कळतं.

माझी लेक नोकरीला मुंबईकडं गेली अन् तिकडच्या बेने इस्रायली मुलाशी लग्न केलं तिनं. म्हणजे ज्यू, पण घरात बोलतात मराठीच. मागचा धोंडा आला तसा कोरडा गेला. आमच्या मालकांचं एकच पालुपद, "त्याच्या पंचांगात धोंडाच न्हाई, तर त्याला काहून जेवू घालायचं?" लेक फोनवर नुसतं "बरं" म्हणाली. ते "बरं" मला पुढचा धोंडा येईस्तोवर टोचत राहिलं.

यंदा ज्येष्ठ अधिक आला. हळद वसमतच्या बाजारात घालून आमी मोकळे झालो होतो. मी सरळ जावयालाच फोन लावला. "जावईबापू, तुमच्यात महिना वाढतो का हो?"

तो हसला. "वाढतो की, आई. आमचेही महिने चंद्राचेच."

मी लगेच फोनचा आवाज मोठा केला अन् बाजेवर पडलेल्या मालकांच्या उशाशी ठेवला. "पुन्हा एकडाव सांगा, नीट."

"चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाला अकराएक दिवस कमी पडतात. म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा आम्ही तेरावा महिना घालतो. तुमचा अधिक कधी श्रावणात, कधी ज्येष्ठात. आमचा ठरलेला. अदार म्हणून महिना आहे, फाल्गुनाच्या आसपासचा. त्या वर्षी तो दोनदा येतो, अन् त्यातला सण दुसऱ्या अदारात करायचा."

"अन् न्हाई घातला तर?"

"तर आमचा पेसाहचा सण वसंतातून सरकत सरकत थंडीत जाईल. तो वसंतातच व्हायला पाहिजे."

मी मालकांकडं वळले. "ऐकलं का? धोंडा नसता तर आपला पोळाबी सरकत उन्हाळ्यात आला असता. बैलांना झूल घालून रखरखत्या उन्हात मिरवलं असतं का तुमी?"

मालक उठून बसले. पोळ्याला ते फार जपतात. फोनकडं बघून म्हणाले, "यंदा हाय का तुमचा धोंडा?"

"आत्ता नाही, बाबा. येत्या शिमग्याच्या सुमारास."

"मंग शिमग्याला या!" मालक मिशीत हसले. त्यांना वाटलं, जिंकले.

"बरं झालं, तुमीच बोलावलं," मी म्हणाले. "शिमग्याला त्यांच्या धोंड्याला येतील. अन् आपला तर आत्ताच हाय, म्हणून आत्ताबी येतील."

मालकांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "धोंडे जरा मऊ कर. शहरातल्या माणसाचे दात काय खरे न्हाईत."

फोनमधून लेकीचं हसू आलं. पलीकडं तीबी कान लावून बसली होती, लबाड!

रविवारी जावई आला. पाय धुवायला मी तांब्या घेतला, तर मालकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. पाणी घालता घालता शेजारच्या ओट्यावरच्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमच्या जावयाला दोन पंचांगं हायेत बरं का. तुमच्या जावयांवाणी तीन वर्षं वाट बघायची गरज न्हाई त्याला."

लेक उंबऱ्यात उभी होती. जेवायला वाढताना मी वाटीतलं सगळं तूप त्याच्या पानात उपडं केलं.