मशीनवरची चिंधी

अमळनेर स्टेशनावर गाडीची वाट बघत आम्ही तिघं उभे होतो. मी, माझी आई आणि भिलाअप्पा. अप्पा आमच्याच गल्लीतले, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, सुरतेत आधीच रुळलेले. मी ऐनवेळी मागे फिरेन अशी त्यांना शंका असावी. त्यांनी माझी वळकटी स्वतःच्या वळकटीला सुतळीने करकचून बांधून टाकली होती. आई रडली नाही. भाकरीचं फडकं हातात देत एवढंच म्हणाली, "दुसरानी जागा लेऊ नको भाऊ. आपली करजो." दुसऱ्याची जागा घेऊ नकोस, स्वतःची कर. मी हो म्हणालो. विसाव्या वर्षी हो म्हणायला काय लागतं?

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखेच सुरतेच्या गोडादऱ्यात, उधन्यात येऊन संसार मांडलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. प्लेगच्या वर्षी भिलाअप्पांच्या मशीन शेठने काढून घेतल्या, असं तुम्ही सगळे ऐकून आहात. ते खोटं आहे. ते मीच पसरवलं होतं. आता खरं काय ते सांगतो.

सुरतेत मागाच्या कारखान्याला खातं म्हणतात आणि मागाला मशीन. आमचं खातं उधन्याला. आत एवढा खडखडाट की पहिले आठ दिवस मला झोपेतही धोटा इकडून तिकडे पळताना ऐकू यायचा. बोलणं सगळं हातवाऱ्यांनी. धाग्याची तार तुटली, पाणी हवं, हिशेबनीस मेहताजी आला, प्रत्येकाची खूण ठरलेली. अप्पांनी मला त्या खुणा आधी शिकवल्या आणि मशीन नंतर. आणि सगळ्यात आधी शिकवली चिंधी.

चिंधी म्हणजे कापडाच्या काठाची टाकाऊ पट्टी. कोणी गावी निघाला की जाताना आपल्या प्रत्येक मशीनच्या दांडीला ती गाठ मारून बांधायचा. मग आजूबाजूचे कारीगर त्याच्या मशीन आपसांत वाटून घेत आणि स्वतःच्या सांभाळून त्याही चालवत. तो मर्तिकाला जावो, अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, जावो, आठ दिवस लागोत की महिना, त्याची जागा त्याचीच. परत आला की गाठ त्यानेच सोडायची. दुसऱ्या कोणी त्या गाठीला हात लावायचा नाही. हा नियम कोणी केला, कधी केला, कोणालाच ठाऊक नव्हतं. शेठला तर अशी काही रीत आहे याचाही पत्ता नव्हता. त्याला मशीन चालू दिसल्याशी मतलब. अखाजीच्या दिवसांत निम्म्या खात्यावर चिंध्या फडफडायच्या आणि तरी एक मशीन बंद नसे. आपली माणसं ती. बाहेरच्याने बघितलं तर कचरा लटकलाय म्हणेल.

पुढे मी मास्तर झालो, म्हणजे खात्याची देखरेख माझ्याकडे आली. त्यानंतर महिन्याभरात प्लेगची बातमी पसरली. तोंडाला रुमाल बांधून लोक मिळेल त्या गाडीने निघाले. शेठने किल्ली माझ्या हातात दिली होती, मी कसा जाणार? माझ्या बायकोला आणि पाच वर्षांच्या पोरीला अप्पा म्हणाले, "चला मन्हासंगे." जाण्याआधी तेवढ्या घाईतही ते खात्यात आले आणि आपल्या चार मशीनना चार गाठी मारून गेले. मला हाताने खूण केली. राखशील ना? मी मान डोलावली.

दहशत ओसरली तरी खातं अर्धं रिकामं होतं. राखायला शेजारीच उरले नव्हते, म्हणून चिंधीवाल्या मशीन बंद. शेठ येऊन खुर्चीत बसला. "मास्तर, गाम गयेला पाछा क्यारे आवशे?" त्याने नुसतं विचारलं होतं. गावी गेलेले परत कधी येतील, एवढंच. मला वाटलं, हा आपली परीक्षा घेतोय. हा गाववाल्यांचा मास्तर की खात्याचा मास्तर, हे बघतोय. मी म्हणालो, "शेठ, दस दिवसनी मुदत आपो. जे नहीं आवे, एनी मशीन बीजाने." दहा दिवसांत जो येणार नाही, त्याची मशीन दुसऱ्याला. माझं गुजराती त्या दिवशी भलतंच सफाईदार निघालं. शेठ खुर्चीतून उठत म्हणाला, "जेवी तमारी मरजी." तुमची मर्जी!

अकराव्या दिवशी सकाळी गावाहून परतलेल्या एकाने बायकोची चिठ्ठी आणून दिली. सुरतेहून आलेल्यांना गावाने वेशीच्या आत घेतलं नव्हतं. ते सगळे अप्पांच्या शेतातल्या खोपीत राहत होते. त्यातच पोरीला ताप भरला. कोणी जवळ येईना, अप्पांच्या घरचेही बांधावर डबा ठेवून मागे फिरत. अप्पा तेवढे पोरीच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसून होते. 'पोरगी उठून बसली की मगच निघेन म्हणतात,' असं बायकोने लिहिलं होतं.

ती चिठ्ठी खिशात घालून मी अप्पांच्या मशीनपाशी गेलो. माझाच नियम, पहिल्याच दिवशी, माझ्याच माणसासाठी मोडला तर मला कोण विचारणार, हा विचार तेव्हा फार मोठा वाटला. गाठी पक्क्या होत्या, सुटेनात. मी कातर घेतली आणि चारही कापल्या. त्या मशीन ओरिसाहून आलेल्या बनमाली नावाच्या कारीगराला दिल्या.

दोन दिवसांनी अप्पा आले. माझ्या पोरीला घरी माझ्या अंथरुणावर झोपवून तसेच खात्यात आले होते. दांडीवर हात फिरवत माझ्या कानाशी म्हणाले, "मन्ही गाठ कोनी सोडी?"

"शेठनी," मी म्हणालो.

"सेठनी? सेठले गाठ माहीत तरी शे का?"

मी तार तुटल्याची खूण करून दुसऱ्या मशीनकडे वळलो. तार कुठली तुटलेली? एकही नाही.

अप्पा सुरतेबाहेर कामरेजला गेले, हायवेवरच्या एका रोपवाटिकेत कामाला लागले. माझ्याकडे येणं-जाणं त्यांनी ठेवलं. पोरीला पेरू आणायचे, शेठला मनसोक्त शिव्या घालायचे. मी चहा पुढे करायचो.

त्या एका वर्षात खातं ओळखू येईनासं झालं. कोणी कोणाच्या मशीनकडे बघेना. गावाहून मर्तिकाची तार आली तरी लोक लपवू लागले, कारण गावी जायचं म्हणजे जागा जायची. नव्याला कोणी काही शिकवेना, शिकला तर आपल्याच जागेवर बसेल! खुणासुद्धा कमी झाल्या. आणि नेमकं त्याच सुमारास बाहेर शहर उलट्या दिशेने बदलत होतं. जिथे कचऱ्याचे ढीग आम्ही जन्मजात समजत होतो, तिथे रस्ते झाडलेले दिसू लागले. पानाची पिंक टाकताना माणूस आजूबाजूला बघू लागला. शहराला एक चांगली सवय लागली आणि आमची एक चांगली सवय गेली, दोन्ही एकाच हंगामात. तेव्हापासून कोणी म्हणालं, 'आपल्या लोकांची रीतच अशी,' की मला हसू येतं. रीत आभाळातून पडत नाही. एखादा मास्तर कातर घेऊन उभा राहतो आणि ती जाते. तशीच, कोणी बांधायचं ठरवलं तर ती परतही येते. हे मी अनुभवाने सांगतो आहे.

यंदाच्या अखाजीला मी कामरेजला गेलो आणि अप्पांना सगळं सांगितलं. चिठ्ठीसकट. ते रोपांच्या पिशव्यांत माती भरत होते. हात थांबले. म्हणाले, "पाच वरीस मी सेठले शिव्या दिध्यात. त्या आते तुले देवान्या का सगळ्या?" मी हसायला गेलो. ते हसले नव्हते. "घर जाय," म्हणाले, आणि पाठ फिरवून पुन्हा माती भरू लागले.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना मी मशीन थांबवायला लावल्या आणि दोन्ही पाळ्यांसमोर तेच बोललो. नियम माझा होता, शेठचा नव्हता. आजपासून तो बंद. कोणीतरी मागून ओरडलं, "मास्तर, पाच वर्सं तोंडात काय बॉबिन धरली होती का?" सगळे हसले. मला ते ऐकून घ्यावं लागलं, आणि बरंही वाटलं. आठवड्याने बनमाली आला. त्याचे वडील गेले होते. "मास्टर, हमारा भी बँधेगा?" मी काठाची पट्टी फाडून त्याच्या हातात दिली. अप्पांच्याच त्या चार मशीन. तीन आठवड्यांनी तो परतला तेव्हा चारही गाठी जागच्या जागी होत्या. राखणाऱ्यांत दोन खानदेशी होते, एक विदर्भातला, आणि एक असा की ज्याची भाषा मला अजून कळत नाही.

अप्पांकडून मात्र काही आलं नाही. मीही गेलो नाही. मग गेल्या सोमवारी रोपवाटिकेतला माणूस निरोप घेऊन आला. अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, ते गावी जाताहेत, पंधरा दिवस रोपांना पाणी घालायला माणूस हवा. अप्पांनी सांगितलंय, मास्तरला विचार.

हे मी कामरेजहून लिहितो आहे, दुपारचं, आंब्याच्या कलमांच्या शेजारी बसून. इकडे निघताना खात्यातल्या माझ्या खुर्चीच्या हाताला मीही एक चिंधी बांधून आलो. मी परतेपर्यंत तिथे बनमाली बसतो. पोरगी म्हणते, "पप्पा, घरे क्यारे आवशो?" तिच्या तोंडी घर म्हणजे गोडादरा. माझ्या आईच्या तोंडी घर म्हणजे अजून गाव. दोघींचं बरोबर आहे, पण मला विचाराल तर, मी गेल्यावर जिथे माझी गाठ कोणी कापत नाही, ते घर. आणि ते आधी दुसऱ्यासाठी राखावं लागतं.

इथल्या पंपाच्या दांड्याला अप्पांनी फडक्याची पट्टी बांधून ठेवली आहे. पंप सुरू करताना ती रोज हाताला लागते. गाठ सैल आहे. ती सुटू नये म्हणून मी हात जपून वर धरतो.