एक किलोमीटर आठशे मीटरचं डुक्कर

समस्त आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि चर्चच्या सणाला, म्हणजे फेस्ताला, गोव्याहून येऊन जेवून जाणाऱ्या सर्व नातेवाइकांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, माझी डुकराची गोष्ट एक किलोमीटर आठशे मीटर लांब आहे. ही मोजणी मी स्वतः, माझ्या पायांनी, ट्रेडमिलवर केलेली आहे. यापुढे कुणी ती याहून आखूड सांगितली तर ती माझी गोष्ट समजली जाऊ नये.

हे जाहीर करण्याची वेळ माझ्यावर नवऱ्याने आणली.

आमच्या लग्नाला तीस वर्षं होत आली. त्यातली पहिली सत्तावीस वर्षं मी बोलले आणि तो गप्प बसला. दोघेही सुखात होतो. मी शाळेत मास्तरीण, त्यामुळे पंचेचाळीस मिनिटं न थांबता बोलायची मला सवय आणि सरकारी परवानगी, दोन्ही आहे. दर फेस्ताला जेवणाआधी सगळी मंडळी टेबलाभोवती बसली की कुणीतरी म्हणायचं, “सांग गो डुकराची गजाल!” मग मी आढेवेढे न घेता सुरू व्हायचे.

नंतर तो आजार आला. बारा दिवस ऑक्सिजनवर काढून मी घरी परतले, पण श्वास काही माझ्याबरोबर पूर्ण परत आला नाही. त्यानंतरच्या पहिल्याच फेस्ताला मी सुरुवात केली, “आमचं नवीन लग्न झालेलं, फेस्त तोंडावर आलेलं...” आणि खोकला आला. लगेच टेबलाच्या चारी बाजूंनी आवाज उठले.

“रव गो, बोला नको!”

“दम लागतलो तुका. पाणी पी.”

आणि सत्तावीस वर्षं गप्प बसलेल्या माझ्या नवऱ्याने हातातला ग्लास खाली ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाला, “डुकर सुटला, मगे गावला.”

संपली गोष्ट. सुटला आणि सापडला, चार शब्दांत! आणि लोक हसले. मी खोकत होते आणि लोक हसत होते. मला तर वाटलं, आजाराने जे केलं नाही ते आता हा माणूस करणार. बरं, त्याला चटक लागली. पुढे आठ महिने मी कुठेही तोंड उघडलं की लोक मला खुर्ची द्यायचे आणि त्याला विचारायचे, “मगे काय झाला रे?” तो दोन वाक्यांत सांगून मोकळा. माझ्या भरल्या ताटासारख्या गोष्टीची त्याने अशी चटणी वाटली.

फेस्ताला चार महिने उरले होते. मी ठरवलं, गोष्ट परत घ्यायची. त्यासाठी श्वास हवा होता. श्वासासाठी जिम.

जिमला मी नवी नव्हते. लॉकडाऊनच्या आधी साखर वाढली म्हणून सहा महिने जात होते. बाजारात हार्डवेअरच्या दुकानावरच्या माळ्यावर ती जिम आहे. तिथला शिकवणारा माझाच जुना विद्यार्थी. सातवीत असताना मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं, ते तो विसरला नसावा, कारण मला पुन्हा दारात पाहताच तो आपोआप भिंतीला टेकून उभा राहिला. बंद काळात समुद्राच्या हवेने डंबेलांना गंज चढलेला. सलवार-कमीज आणि चर्चमध्ये मिस्सेला जायचे बूट घालून मी ट्रेडमिलवर चढले.

“बाई, एकच लक्षात ठेवा,” तो म्हणाला. “चालताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला असं समजायचं.”

असा हुकूम मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. मी दोन्ही हातांनी दांडी धरली आणि म्हणाले, “आमचं नवीन लग्न झालेलं, फेस्त तोंडावर आलेलं. सासऱ्यांनी ह्यांना बांद्याच्या बाजारात डुक्कर आणायला पाठवलं...”

एकशे ऐंशी मीटरवर दम संपला. नवरा अजून बाजारात घासाघीस करत होता. डुक्कर पोत्यातसुद्धा गेलं नव्हतं. जिमवाल्याने लाल बटण दाबलं.

“मगे?” शेजारच्या सायकलवरून आवाज आला. बँकेतले एक कारकून रोज तिथे जागच्या जागी सायकल मारायचे. त्यांनी पायडल थांबवलं होतं.

“मगे उद्या,” मी धापा टाकत म्हणाले. खरं सांगते, आठ महिन्यांत पहिल्यांदा मला कुणी पुढे काय झालं ते विचारलं होतं. नवऱ्याला नाही. मला.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यापासून सुरुवात केली. गोष्ट मधूनच उचलायची नसते. तिसऱ्या आठवड्यात डुक्कर पोत्यात गेलं आणि पोतं एसटीत चढलं. दीड महिन्याने, बरोबर सातशे मीटरवर, कुडाळच्या अलीकडे पोत्याचं तोंड सुटलं. डुक्कर दोन्ही बाजूंच्या बाकांमधून चालत ड्रायव्हरकडे निघालं आणि सगळ्या उतारूंनी पाय वर घेतले. त्या दिवशी वजनं उचलायला येणाऱ्या खानावळवाल्या बाईंनीही बाकावर पाय वर घेतले.

जिमवाल्याच्या वहीत माझ्या नावापुढे वजन, रक्तदाब आणि ‘डुक्कर कुठे’ असे तीन रकाने झाले होते. तिसऱ्यात ‘कुडाळ’ असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं.

कारकून मात्र वैतागले. “बाई, आमका बांद्याचो बाजार पाठ झालो. आज थेट कुडाळाक सोडा ना!”

“गोष्टीला एक्स्प्रेस नसते. बसा आणि पायडल मारा.”

ते बसले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत एवढा शिस्तीचा वर्ग मला मिळाला नव्हता.

हळूहळू गोष्ट माझ्या पायांत उतरली. डुक्कर बसमधून उडी मारून ओरोसला धावत सुटलं की माझा हात आपोआप वेग वाढवायचा आणि जिमवाला ओरडत येऊन तो कमी करायचा. डुक्कर एका सरकारी कचेरीत शिरलं की मी वेग एकदम उतरवायचे, कारण तिथे काहीच भराभर होत नव्हतं. तिथल्या साहेबांनी डुक्कर सायकल स्टँडच्या जाळीत बंद करायला लावलं आणि माझ्या नवऱ्याला सांगितलं, लेखी अर्ज करा. त्याने केला. ‘सदर डुक्कर माझे असून ते मला परत मिळावे.’ साहेबांनी विचारलं, ओळखीची खूण? नवऱ्याने खूप विचार करून लिहिलं, ‘मला पाहून ओरडते.’

इथे दीड किलोमीटर व्हायचा आणि माझा श्वास अडकायचा. पूर्ण तीन आठवडे डुक्कर त्या जाळीत अडकून राहिलं. खानावळवाल्या बाई मला लिंबूपाणी आणून द्यायला लागल्या. “कायपण करा, आज त्येका सोडवा,” असं म्हणायच्या.

फेस्ताला आठ दिवस असताना मी ते सोडवलं. साहेबांनी शेरा मारला, ‘खात्री करून सोमवारी परत द्यावे.’ तो होता शनिवार. फेस्त दुसऱ्याच दिवशी, रविवारी. डुक्कर सोमवारी मिळालं, आणि लग्नानंतरच्या पहिल्या फेस्ताला आम्ही सगळ्यांनी बांगडे खाल्ले! ट्रेडमिलवर आकडा होता एक किलोमीटर आठशे. दम लागला नव्हता. कारकुनांनी सायकलची घंटी शोधली, ती नव्हती, म्हणून तोंडानेच ट्रिंग ट्रिंग केलं. खानावळवाल्या बाईंनी टॉवेलने डोळे पुसले आणि घाम आला म्हणाल्या.

फेस्ताच्या दिवशी अठरा माणसं टेबलाला. मधोमध डुकराच्या सोरपोतेलचं मोठं भांडं, बाजूला इडलीसारख्या सान्नांची चवड, वाफा निघताहेत. शहाऐंशी वर्षांच्या सासूबाई टोकाला बसलेल्या. गोव्याहून आलेले थोरले दीर म्हणाले, “आता डुकराची गजाल!” आणि त्यांनी माझ्याकडे नाही, माझ्या नवऱ्याकडे पाहिलं.

“मी सांगतंय,” मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. मी सुरुवात केली, “आमचं नवीन लग्न झालेलं, फेस्त तोंडावर आलेलं. सासऱ्यांनी ह्यांना...” आणि पुढे काहीच येईना. खोकला नाही, धाप नाही. श्वास भरपूर होता, शब्दच नव्हते. टेबलाखाली माझे पाय नुसते लोंबत होते. मी चार महिने ही गोष्ट कधी बसून सांगितलीच नव्हती!

नवऱ्याने ग्लास खाली ठेवला. घसा साफ केला. “डुकर...” त्याने तोंड उघडलं.

मी खुर्ची मागे ढकलली आणि चालायला लागले.

टेबलाभोवती. दुसऱ्या पावलाला बांद्याचा बाजार आला, चौथ्या फेरीला घासाघीस संपली, पोतं शिवलं गेलं. सगळ्या माना माझ्याबरोबर फिरत होत्या. ओरोसला मी धावले, तेव्हा सान्नांवरचं फडकं उडालं. कचेरीत इतकी हळू झाले की दिरांनी मला धरायला हात पुढे केला. मागे पावलं वाजत होती म्हणून वळून पाहिलं, तर पाण्याचा ग्लास दोन्ही हातांत धरून माझा नवरा येत होता. कुडाळपासून तो माझ्या मागून चालत होता, म्हणे, लागलं तर असावं. ‘मला पाहून ओरडते’ म्हटल्यावर सगळे त्याच्याकडे वळून हसले आणि तोही हसला, ग्लासातलं पाणी सांडत.

“...आणि डुक्कर मिळालं सोमवारी! आम्ही फेस्ताला खाल्ले बांगडे!”

मी थांबले. दम लागला नव्हता. दिरांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. मी मान झुकवून अभिवादन केलं, अगदी नाटकाचा पडदा पडताना करतात तसं.

सोरपोतेलवर चरबीची पांढरी साय धरली होती. सासूबाईंनी एक सान्ना उचलला, बोटाने दाबून पाहिला, परत खाली ठेवला आणि माझ्या नवऱ्याकडे बघत अख्ख्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“गेल्या वर्षी माज्या झिलान सांगल्यान, तेवा जेवाण तरी गरम गावला होता!”